गाबगुबीचा नाद आणि रेवामाईचे गाणे
'इंडियन ओशन'च्या 'कंदिसा' संग्रहातील लोकवाद्य, त्याचे मराठी भाऊबंद आणि खान्देशच्या सीमेवरची नदी

विशेष प्रतिनिधी

पहूर (जि. जळगाव) : गोंधळ्याच्या किंवा वाघ्याच्या हातातील तुणतुणे खान्देशात कोणाला नवे नाही. गाणारा कितीही वर चढो वा खाली उतरो, तुणतुण्याची तार आपला एकच सूर धरून असते. मात्र ती तार खुंटीला न बांधता कोणी मुठीत धरली आणि वाजवता वाजवता ताणली-सोडली, तर? तोच सूर मग लाटेसारखा वर जातो, खाली कोसळतो, मध्येच हुंकार दिल्यासारखा घुमतो. बंगालच्या बाउल गायकांच्या काखेत असणारे 'गाबगुबी' अथवा 'खमक' नावाचे वाद्य नेमके हेच करते. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या वाद्यवृंदाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कंदिसा' या ध्वनिसंग्रहामुळे हे वाद्य गिटार आणि ड्रम्सच्या पंक्तीला येऊन बसले आणि महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचले.

'कंदिसा'ची दखल खान्देशाने घ्यावी याला आणखीही एक कारण आहे. या संग्रहातील 'मा रेवा' हे गीत ज्या नदीचे आहे, ती नर्मदा नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. आता 'वाहते' म्हणावे की 'साठते' म्हणावे, हा प्रश्नच आहे. त्याकडे पुढे येऊ.

सात रचनांचा संग्रह

'इंडियन ओशन'ची स्थापना १९९० मध्ये दिल्लीत झाली. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती हे तिचे आरंभीचे दोन आधारस्तंभ. बेस गिटार वाजवणारे आणि गाणारे राहुल राम १९९१ मध्ये, तर अमित किलम १९९४ मध्ये त्यांच्यात सामील झाले. किलम हे मुख्यतः ड्रमवादक. पण क्लॅरिनेट, रेकॉर्डर ही फुंकवाद्ये आणि गाबगुबीही त्यांच्याकडेच. या चौघांचा संच पुढे पंधरा वर्षे टिकला. 'इंडियन ओशन' (१९९३) हा पहिला संग्रह, त्यानंतर १ जानेवारी १९९७ रोजी सफदर हाश्मी यांच्या स्मृत्यर्थ झालेल्या कार्यक्रमातील प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा 'डेझर्ट रेन' आणि मग 'कंदिसा', असा हा क्रम आहे.

'कंदिसा'त रचना अवघ्या सात. त्यांची जातकुळी मात्र एक नाही. शीर्षकगीत ही केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थना असून तिची भाषा अरामाईक कुळातील आहे. 'कंदिसा' म्हणजे पवित्र. 'हिल्ले ले' हे हिंदी-भोजपुरी कवी गोरख पांडे (१९४५-१९८९) यांचे, शेतकरी चळवळीत गायले गेलेले गीत. 'खजुराहो'मध्ये वाद्यांचा विस्तार अधिक, तर 'मा रेवा' हे नर्मदाकाठचे पारंपरिक स्तुतिगीत. एका संग्रहात प्रार्थना, चळवळ, शिल्प आणि नदी अशी सरमिसळ झाली की त्याला कडबोळ्याचे रूप येण्याची भीती असते. येथे ते टळले, याचे श्रेय वाद्यांच्या निवडीला द्यावे लागेल. सेन यांची गिटार पाश्चात्य सुरावटींचे गठ्ठे टाकत नाही. ती एकेक स्वर छेडत, रागाच्या चालीने पुढे सरकते. चक्रवर्तींचा तबला साथीपुरता न राहता गाण्यातील दुसऱ्या आवाजासारखा वागतो. संग्रह सर्वस्वी विजेविना वाजणाऱ्या वाद्यांचा आहे असे मात्र नव्हे, कारण बेस गिटार विजेवरची आहे. तरीही कानात राहतो तो लाकूड, कातडे आणि तार यांचाच नाद.

ढोल की तंतुवाद्य?

गाबगुबीची रचना पाहिली तर ती एखाद्या खेळण्याइतकी साधी वाटते. लाकडाचे पोकळ पिंप, त्याच्या एका तोंडाला ताणून बसवलेले कातडे, कातड्याच्या मध्यातून निघून पिंपाच्या पोकळीतून दुसऱ्या उघड्या तोंडाबाहेर येणारी तात आणि तिच्या टोकाला मुठीत धरण्याजोगी लहानशी धातूची अथवा लाकडाची गोटी. तात पूर्वी आतड्याची असे, आता नायलॉनही चालते. पिंप डाव्या काखेत दाबायचे, डाव्या हाताने गोटी ओढून तात ताणायची आणि उजव्या हातातील नखीने ती छेडायची, एवढेच तंत्र. कसब आहे ते ओढण्यात. तात जितकी ताणली जाईल तितका सूर चढतो. शिवाय तातेबरोबर कातडेही ताणले जात असल्याने आवाजाचा पोतही बदलतो. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबून सरकवल्यावर जी घुमारेदार घसीट निघते, तिची आठवण गाबगुबी ऐकताना होते. फरक इतकाच की येथे ती घसीट म्हणजेच संपूर्ण वाद्य.

या वाद्याने पंडितांना बराच काळ कोड्यात टाकले. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केले. तात असल्याने गाबगुबी तत ठरावी, तर कातडे असल्याने अवनद्ध. युरोपातील होर्नबोस्टेल आणि साक्स यांनी १९१४ मध्ये जे जागतिक वर्गीकरण मांडले, त्यात अशा वाद्यांना ढोलांच्या कुळात घालून 'छेडले जाणारे ढोल' असा खास कप्पा करण्यात आला. पुढे १९८१ मध्ये ब्रिटिश संगीताभ्यासक लॉरेन्स पिकेन यांनी त्यास हरकत घेतली. कंप पावते ती तात आणि कातडे केवळ तो कंप मोठा करते. म्हणून हे बदलत्या ताणाचे तंतुवाद्य मानावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाजवणाऱ्या बाउलाला या वादाचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. पण 'कंदिसा'त गाबगुबी कधी ठेका धरते तर कधी सुरावट गाते, त्याचे मूळ या दुहेरी स्वभावात आहे.

मराठी वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की या वाद्याचा सख्खा भाऊ महाराष्ट्रातच नांदतो. रेणुका-यल्लमाच्या जोगत्या-जोगतिणींच्या काखेतील 'चौंडके' हे याच तत्त्वावर बनलेले आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात ते आजही वाजते. तुणतुणे हेही जवळचेच. त्यातही पोकळ पिंप, तळाला कातडे आणि त्यातून निघणारी तार असते. मात्र बाजूला ठोकलेल्या दांडीवरील खुंटीला ती तार कायमची बांधली जाते आणि सूर स्थिर होतो. गळ्याला आधार देणारा एक अढळ स्वर गोंधळ्याला हवा होता, तर गळ्यासारखाच हेलकावणारा जोडीदार जोगतिणीला. एकाच यंत्राने दोघींच्या गरजा खुंटीच्या फरकाने भागवल्या. चौंडके कोल्हापूर-सोलापूरकडे एवढे परिचित असूनही शहरी मराठी श्रोत्याला या आवाजाची गोडी बाउलांच्या आणि दिल्लीकरांच्या मार्फत लागावी, हा योगायोग थोडा ओशाळवाणा आहे खरा.

रेवामाई आणि तिचा काठ

'मा रेवा' या गीताचा प्रवास राहुल राम यांच्यामार्फत झाला. पर्यावरणविषयक विषशास्त्रात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले राम १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ते म्हणून वावरले. नर्मदेच्या खोऱ्यातील गाणी त्यांच्या कानी पडली ती तेथेच. 'मा रेवा' हे तसे आंदोलनाचे गीत नव्हे. त्यात घोषणा नाही, धरण नाही. आहे ती नदीच्या वाहत्या, नितळ पाण्याची थोरवी. परिक्रमावासीयांना आणि काठावरच्या गावकऱ्यांना ते सारखेच आपले वाटावे असे. संग्रहात गाबगुबीचा झोल घेऊन ते सुरू झाले की पाण्याच्या लयीचा भास होतो आणि एरवी भजनी ठेक्यात म्हटले जाणारे शब्द नाचू लागतात.

रेवा हे नर्मदेचेच नाव. एकूण १,३१२ किलोमीटर वाटचालीत महाराष्ट्राच्या वाट्याला तिचा अगदी थोडा, पन्नासेक किलोमीटरचा काठ येतो आणि तो सारा सातपुड्याच्या दऱ्यांत, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांत आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यात, म्हणजे प्रशासनाच्या दृष्टीनेही जुन्या पश्चिम खान्देशातच होता. सरदार सरोवर प्रकल्पाने या दोन तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. अक्कलकुव्यातील मणिबेली हे बुडिताच्या तोंडाशी असलेले महाराष्ट्रातील पहिले गाव.

'कंदिसा' बाजारात आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताच्या निकालाने धरणाचे थांबलेले बांधकाम टप्प्याटप्प्याने पुढे नेण्यास परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी प्रकल्पाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. धरणामागचा फुगवटा सुमारे २१४ किलोमीटर लांब आहे. काठावरच्या भिल्ल-पावरा कुटुंबांपैकी अनेकांची रवानगी तळोदा आणि शहादा तालुक्यांतील वसाहतींत झाली. गुजरातमधील कोरड्या मुलखाला पाणी आणि तीन राज्यांना वीज मिळाली हे खरेच आहे, आणि ज्या घाटांवर, ज्या उतारांवर रेवामाईची गाणी म्हटली जात त्यांतील कित्येक पाण्याखाली गेले हेही तितकेच खरे आहे. वाहत्या नदीचे कौतुक करणारे एक गीत, ती नदी तेथे संथ तळे होण्याच्या अगदी उंबरठ्यावर ध्वनिमुद्रित झाले. संग्रहाचे सर्वात मोठे मोल कोणी यातच मानले तर त्यास चूक म्हणता येणार नाही.

मराठीतले पूर्वसूरी

लोकसंगीताला हात घालून काही वेगळे घडवण्याचा प्रयत्न मराठीला अपरिचित नव्हता. त्यासाठी पहूरकरांना फार लांब जावे लागत नाही. वाघूर नदीच्या काठचे, पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन भागांत वसलेले हे गाव जळगाव-अजिंठा रस्त्यावर आहे. येथून जाणाऱ्या पाचोरा-जामनेर या चिमुकल्या रेल्वेने (ती २०२० पर्यंत धावली) शेजारचे शेंदुर्णी गाठता येत असे. कवी ना. धों. महानोर (१९४२-२०२३) यांचे शालेय शिक्षण शेंदुर्णीत झाले आणि जवळच्याच पळसखेड्यात त्यांनी आयुष्यभर शेती केली.

या शेतकरी कवीचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत 'जैत रे जैत' (१९७७) या चित्रपटात एकत्र आले. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील हा चित्रपट जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केला, तर निर्मिती उषा मंगेशकर यांची होती. रायगडच्या डोंगरातील ठाकरांची ही कथा बव्हंशी गाण्यांतूनच पुढे सरकते. खान्देशाच्या वेशीवरचा कवी कोकणातल्या ठाकरांसाठी लिहितो आणि ते उपरे वाटत नाही, हे त्या गीतांचे यश. पण येथे एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. 'जैत रे जैत'मधील गीते कवीने नव्याने लिहिली आणि संगीतकाराने नव्याने बांधली. तिचे कर्ते ज्ञात आहेत. 'मा रेवा'चा कर्ता मात्र नदीकाठ आहे.

कायद्याच्या भाषेत या भेदाला पैशाचे मोल येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताला संरक्षण मिळायचे तर कर्ता हवा. पारंपरिक गीताला तो नसतो, म्हणून ते कोणालाही गाता येते. ते गाऊन ध्वनिमुद्रण केले की त्या मुद्रणाला मात्र ६० वर्षांचे संरक्षण मिळते आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही कलावंत म्हणून हक्क मिळाले. म्हणजे गाणे सर्वांचे, पण त्याची तबकडी कंपनीची. यात कोणा एका वाद्यवृंदाचा दोष नाही. व्यवस्थाच अशी आहे की, लोकगीत जितक्या वेळा विकले जाते तितक्या वेळा ते जपणाऱ्या काठाला त्यातून काही परत जाण्याचा मार्ग नाही. 'पारंपरिक' हा एक शब्द श्रेयनामावलीत छापला की हिशेब पुरा होतो.

सातपुड्याकडची वाद्ये

गाबगुबी बंगालमधून दिल्लीला पोहोचली. खान्देशाच्या पश्चिम टोकाकडील वाद्येही नवलात तिच्या मागे नाहीत. साक्री, नवापूर आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यातील कळवण-सुरगाण्याच्या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. त्यात नाचणाऱ्यांच्या मध्यभागी असते ती 'पावरी'. वारल्यांच्या तारप्याच्या कुळातले हे सुषिर वाद्य. भोपळ्यात हवा भरायची, त्याला मेणाने जोडलेल्या नळ्यांतील पाती वाजू लागतात आणि पुढचा कर्णा तो आवाज डोंगरभर पसरवतो. वाजवणारा श्वास तोडत नाही. नाकाने हवा आत घेत असतानाच गालात साठवलेली हवा भोपळ्यात ढकलत राहतो. त्यामुळे सूर कधी थांबत नाही आणि नाचही थांबत नाही.

त्याहून विलक्षण वाद्य कोकणा समाजातील कथागायकाचे. काशाची अथवा पितळेची जेवणाची थाळी घ्यायची, तिच्या मध्यभागी मेणाचा गोळा लावून त्यात एक वाळकी, सरळ काडी उभी करायची. ही काडी चिमटीत धरून बोटे वरून खाली सरकवत राहिली की घर्षणाने थाळी घुमू लागते. तिच्या त्या अखंड गुंजारवावर रात्रभर कथा चालते. धान्यदेवता कणसरीची कथा त्यांतलीच. स्वयंपाकघरातील थाळी, पोळ्याचे मेण आणि रानातील काडी एवढ्यात तानपुऱ्याचे काम भागते.

फ्रान्समध्ये बर्नार आणि फ्रान्स्वा बाशे या बंधूंनी १९५२ मध्ये जे 'क्रिस्टल बाशे' नावाचे वाद्य तयार केले, त्यातही काचेच्या कांड्या ओल्या बोटांनी घासून धातूचे भाग घुमवले जातात. ते वाद्य आधुनिक संगीतातील धाडसी प्रयोग म्हणून गणले गेले. तत्त्व मात्र थाळीचेच. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीत कमरेला घुंगरू-भोपळे बांधून नाचणारे बुध्ये आणि त्यांना खेळवणारे अवजड ढोल यांचाही उल्लेख याच ओळीत करावा लागेल.

मग गाबगुबीला जे जमले ते पावरीला का जमू नये? याचे एक कारण अगदीच तांत्रिक आहे. गाबगुबीला स्वतःचा असा पक्का सूर नाही. मूठ आवळली की ती गिटारच्या कोणत्याही पट्टीशी जुळते. पावरीचे तसे नाही. भोपळ्याचा आकार, नळीची लांबी आणि पात्याची जाडी यांनी तिचे मोजके सूर कायमचे ठरून गेलेले असतात आणि ते पेटीच्या पट्ट्यांवर नेमके बसतीलच असे नाही. दोन पावऱ्याही एकमेकींशी जुळतील याची खात्री नसते. ध्वनिमुद्रणात ती घ्यायची तर गिटार, पेटी आणि गळा यांनी तिच्या सुरात आपापल्या तारा लावून घ्यायला हव्यात. पाहुण्याने यजमानाच्या घरी येऊन यजमानालाच जागा बदलायला लावण्यासारखे हे आहे आणि बहुतेक ध्वनिमुद्रणांत त्याऐवजी सिंथेसायझरवर तत्सम आवाज काढून वेळ मारून नेली जाते.

'कंदिसा'नंतर

'इंडियन ओशन'ने पुढे 'झिनी' (२००३) हा संग्रह आणि 'ब्लॅक फ्रायडे'चे संगीत केले. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले. त्यांच्या आवाजातील गीतांचा '१६/३३० खजूर रोड' हा संग्रह २०१० पासून इंटरनेटवर विनामूल्य देण्यात आला. दिल्लीच्या करोलबागेतील ज्या घरात हा वाद्यवृंद सराव करीत असे, त्याचा तो पत्ता. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. राहुल राम आणि अमित किलम यांनी नव्या साथीदारांसह वाटचाल चालू ठेवली.

कॅसेट आणि सीडीचा जमाना सरला असला तरी 'कंदिसा' आता इंटरनेटवर सहज ऐकता येतो. खान्देशातील श्रोत्याने तो 'मा रेवा'पासून ऐकावा. पुन्हा एकदा ऐकताना शब्दांकडे लक्ष न देता केवळ गाबगुबीच्या मागे जावे. ताण कोठे वाढतो, कोठे मूठ सैल सुटते आणि त्याच क्षणी बेस गिटार खालचा स्वर कसा उचलून धरते, हे ध्यानात येऊ लागले की घरातल्या तुणतुण्याची खुंटी एकदा सैल करून पाहण्याचा मोह आवरत नाही.